पासंग

एकाच निबंधाला मी एकदा दहापैकी साडेसात गुण दिले आणि एकदा पाच. मुलगा तोच, निबंध तोच, तपासणारी मीच. मधे पाच महिने गेले होते, एवढंच.

झालं असं. मी बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या वर्षी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घरी आणला, तेव्हा लाल पेन हातात घेण्याआधी त्यातल्या बारा निबंधांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. नाव आणि हजेरी क्रमांक झाकून. मग नेहमीसारखे पेपर तपासले, गुण भरले, मुलांना वाटून टाकले. झेरॉक्सचं पाकीट कपाटात साड्यांच्या खाली गेलं. मार्चमध्ये ते काढलं, कागद पत्ते पिसावेत तसे पिसले आणि पुन्हा तपासले. दोन्ही वेळचे गुण शेजारी शेजारी मांडले, तर बारापैकी चौघांना तेच गुण पडले होते. पाच जणांत अर्ध्या गुणाचा फरक, दोघांत एकाचा. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण बारावा निबंध होता विहिरीचा.

गावच्या विहिरीचं मनोगत. त्यात एक वाक्य होतं: ‘मला पानी लागलं त्या दिवशी गावाने पेढे वाटले, आणि मी आटले त्या दिवसापासून सगळे माझ्यात कचरा टाकतात.’ ऑक्टोबरमध्ये हा निबंध आला तो गाईडमधून उतरवलेल्या तीन निबंधांच्या पाठोपाठ. वाचून मी खुर्चीत सरसावून बसले होते, ते अजून आठवतं. मार्चमध्ये पिसलेल्या गठ्ठ्यात तो आला वर्गातल्या सगळ्यात नेटक्या मुलीच्या निबंधानंतर. तिचं अक्षर मोत्यासारखं, परिच्छेद आखीव, शुद्धलेखन चोख. आणि त्यानंतर हा ‘पानी’. मी प्रत्येक ‘पानी’ला लाल गोल केला. नंतर मोजले, अकरा होते. ऑक्टोबरच्या मूळ पेपरात एकही गोल नव्हता. म्हणजे तेव्हा मला ‘पाणी’च दिसलं होतं.

दोन्ही वेळा मला मी चोख वाटले होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

माझ्या आजोबांचं बाजारच्या गावात किराणा दुकान होतं. छताच्या आड्याला टांगलेला तराजू, पितळी पारडी, लोखंडी वजनं. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते आधी रिकामा तराजू उचलून दाखवायचे. काटा मधे. त्याला पासंग दाखवणं म्हणत. एक पारडं हलकं असेल तर त्याच्या साखळीला लाखेचा खडा किंवा चिंधी बांधून दोन्ही समान करायची, तो भारही पासंगच. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण सहज म्हणून जातो, पण हा शब्द ज्याच्या हातात तराजू होता त्याच्यासाठी रोजचा हिशेब होता.

पण आजोबांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली होती. रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हणजे तो खरा आहे असं नाही. दांडीची एक बाजू तसूभर लांब असेल आणि पासंग बांधून पारडी समान केली असतील, तर रिकामेपणी काटा मधेच राहतो. भार पडला की मगच तो झुकतो. हे ओळखायचं कसं? गुळाची ढेप डाव्या पारड्यात, वजनं उजव्या. तोलून घ्यायचं. मग अदलाबदल करायची, ढेप उजवीकडे, वजनं डावीकडे. तोल तोच राहिला तर तराजू खरा. गूळ तोच, वजनं तीच, बदललं ते फक्त पारडं. मग जो फरक दिसेल तो तराजूचा.

पुढे मानसशास्त्रातले प्रयोग वाचायला लागले तेव्हा मला सारखं हेच पारडं बदलणं दिसत राहिलं. माणसाच्या निर्णयातला कल मोजायचा तर त्याच्या डोक्यात डोकावून उपयोग नाही आणि एकच निर्णय बघूनही उपयोग नाही. एका निर्णयात कल दिसत नाही. विहिरीच्या निबंधाला पाच गुण, यात वावगं काय? कुणीही म्हणेल, कडक तपासलाय. साडेसात? कुणीही म्हणेल, सढळ हाताने दिलेत. दोन आकडे शेजारी आले तेव्हाच पासंग उघडा पडला.

अमॉस ट्वेर्स्की आणि डॅनिएल कानेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग याच जातीचा. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं. वरवर नशिबाचा खेळ, पण चक्र असं केलेलं की ते १० वर तरी थांबे, नाही तर ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, या आकड्यापेक्षा जास्त की कमी? आणि नेमके किती? १० बघितलेल्यांच्या अंदाजांचा मध्य आला २५, आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी पहिला आकडा मनात रुतला आणि अंदाज त्याच्या आसपासच घुटमळला. या परिणामाला त्यांनी नांगराचं नाव दिलं, ते नेमकं आहे. होडी हलते, पण दोर पुरेल तेवढीच.

यातली एक खुबी चटकन लक्षात येत नाही. खरं उत्तर माहीत नसलं तरी कल मोजता येतो. दोन गटांमध्ये फरक फक्त चक्राच्या आकड्याचा, म्हणून उत्तरांतला फरक त्या आकड्याचाच. नंतर त्याचं माप काढायची सोपी रीतही निघाली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विज्ञान संग्रहालयात आलेल्या लोकांना विचारलं, जगातलं सगळ्यात उंच रेडवुड झाड किती फूट असेल? काहींना आधी विचारलं, १२०० फुटांपेक्षा जास्त की कमी? काहींना, १८० पेक्षा जास्त की कमी? पहिल्यांची सरासरी ८४४ फूट, दुसऱ्यांची २८२. नांगरांमधलं अंतर १०२० फूट, उत्तरांमधलं ५६२. भागाकार केला की ५५ टक्के. नांगराकडे अजिबात लक्ष न देणाऱ्याचं माप शून्य येईल, नांगरालाच उत्तर मानणाऱ्याचं शंभर.

पण मला झोप लागू दिली नाही ती जर्मनीतल्या प्रयोगाने. २००६ साली प्रसिद्ध झालेला. कायद्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसांना दुकानातून चोरी करणाऱ्या एका बाईचं प्रकरण वाचायला दिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने फासे टाकले. फासे असे बनवलेले की बेरीज ३ यावी किंवा ९. या आकड्याइतक्या महिन्यांपेक्षा शिक्षा जास्त द्याल की कमी, आणि नेमकी किती द्याल? ज्यांचे ३ पडले त्यांची सरासरी ५ महिन्यांच्या आसपास, ज्यांचे ९ पडले त्यांची ८ च्या आसपास. फासे आपणच टाकले हे माहीत असलेली, कायदा शिकलेली माणसं. एका माणसाच्या आयुष्यातले अडीच-तीन महिने, फाशांवर.

मी काही वर्षं नियामक म्हणून काम केलंय. परीक्षकाने तपासलेला पेपर आपल्याकडे येतो, त्यावर त्याने दिलेले गुण असतात, आणि आपण ते बरोबर आहेत का ते बघायचं. किती वेळा मी अर्ध्या गुणापलीकडे फरक केला असेल? फार कमी वेळा. तेव्हा मला वाटायचं, परीक्षक चांगले आहेत. आता वाटतं, माझ्यापुढे उत्तर यायच्या आधी आकडा येत होता. फासे टाकायचीही गरज नव्हती.

पेपर तपासण्याबद्दल कानेमान यांनी स्वतःचा अनुभव लिहून ठेवलाय. आधी ते एकेका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका ओळीने तपासत. मग त्यांना शंका आली की पहिलं उत्तर चांगलं निघालं की पुढच्या उत्तरातल्या धूसर वाक्याचाही आपण चांगला अर्थ लावतोय. म्हणून त्यांनी सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासायला घेतला, गुण दिसणार नाहीत असे शेवटच्या पानाआड लिहिले, आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. काय झालं? एकाच विद्यार्थ्याच्या गुणांत फरक पडायला लागला, आणि त्यांचा स्वतःच्या तपासणीवरचा विश्वास कमी झाला. आधीचा विश्वास नुसत्या सुसंगतपणाचा होता. ही पद्धत मी दोन वर्षांपासून वापरतेय. वेळ जास्त लागतो. मनाला चैनही पडत नाही, कारण आधी जे मूल ‘हुशार’ म्हणून गुळगुळीत दिसायचं, ते आता एका प्रश्नात चमकतं आणि दुसऱ्यात अडखळतं.

आपल्या देशातल्याच शिक्षकांवर झालेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. हॅना आणि लिंडेन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. बक्षिसासाठी मुलांची परीक्षा घेतली. उत्तरपत्रिका तपासायला शिक्षक बोलावले. पण त्यांच्या हाती जे मुखपृष्ठ पडलं त्यावर मुलाची जात, लिंग, वय हे चिठ्ठी टाकावी तसं नेमून दिलेलं होतं. म्हणजे आतल्या उत्तरांचा आणि बाहेरच्या जातीचा काडीचा संबंध नव्हता. हेही पारडं बदलणंच. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता. पण तो गठ्ठ्याच्या सुरुवातीला तपासलेल्या पेपरांत जास्त होता, आणि यावर मी कितीतरी वेळ थांबले. गठ्ठा नवा असतो, मोजपट्टी मनात बसलेली नसते, ‘या वेळी चांगलं म्हणजे किती चांगलं’ हे ठरायचं असतं. तेव्हा आपण आधारासाठी काहीतरी शोधतो. आणि हाताशी काय असतं? नाव. आडनाव.

मी असं करत नाही, हे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी माझ्या मनात पाहते आणि तिथे मला काही वाईट सापडत नाही. पण ते रिकामा तराजू पाहण्यासारखं आहे. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हेच दाखवलं. लोकांना वेगवेगळे कल समजावून सांगितले आणि विचारलं, सर्वसाधारण माणसात हे किती असतात, आणि तुमच्यात किती? बहुतेकांनी स्वतःला इतरांपेक्षा कमी धरलं. इतरांना आपण त्यांच्या वागण्यावरून जोखतो, स्वतःला मात्र स्वतःच्या हेतूंवरून. हेतू स्वच्छ असतात, म्हणून आपण सुटतो. तेव्हा आता मी पहिले दहा पेपर गठ्ठा संपल्यावर पुन्हा तपासते, आणि नावाचं पान आधी दुमडून टाचणी लावते. यात माझ्या चांगुलपणावर काही अवलंबून राहत नाही, म्हणून मला ते पटतं.

एक सांगते. असे सगळेच प्रयोग खरे ठरलेले नाहीत, आणि ते लपवणं मला बरं वाटत नाही. इस्रायलमधल्या पॅरोलच्या निर्णयांचा २०११ सालचा अभ्यास खूप गाजला होता. न्यायाधीश जेवून आले की ६५ टक्क्यांच्या आसपास अर्ज मंजूर, मग हळूहळू घसरत जवळजवळ शून्य, पुन्हा खाऊन आले की पुन्हा ६५. भुकेचा न्याय! मीही वर्गात सांगितला होता. नंतर आक्षेप निघाला की अर्ज कोणत्या क्रमाने समोर येतात ते चिठ्ठीने ठरत नव्हतं, वकील नसलेले कैदी सत्राच्या शेवटी यायचे. म्हणजे इथे पारडं बदललंच नव्हतं, गूळच वेगळा होता. पुढच्या वर्षी मी वर्गात तेही सांगितलं. याउलट २०१४ साली ३६ ठिकाणी सहा हजारांहून जास्त लोकांवर तेरा जुने निष्कर्ष पुन्हा तपासले गेले, तेव्हा नांगराचा परिणाम मूळच्यापेक्षाही ठळक निघाला. झेंड्याचं किंवा नोटांचं चित्र नुसतं दाखवल्याने माणसाची मतं बदलतात, हे मात्र तिथे टिकलं नाही. मापणारेही मापले जातात, याचं मला फार अप्रूप आहे.

आता माझी एक वही. हिच्याबद्दल लिहायला मला थोडं जड जातंय.

आमच्याकडे दिवाळीनंतर वर्ग रिकामे होतात. आई-बाप ऊसतोडीला जातात, काही मुलं मागे आजीजवळ राहतात, काही कोयत्यामागे जातात. बारावीच्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली आणि फेब्रुवारीत परत आली. त्याच वर्षी मी ठरवलं होतं की निकालाआधी प्रत्येक मुलामागे एक आकडा लिहायचा, हा पास होण्याची शक्यता किती टक्के. ही कल्पना हवामानखात्याची. अमेरिकेच्या हवामानखात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली अंदाजाला गुण द्यायची रीत मांडली. पावसाची शक्यता ७० टक्के म्हणालात आणि पाऊस पडला, तर १ मधून ०.७ वजा करा आणि त्याचा वर्ग करा. चूक जितकी मोठी तितका दंड जास्त. बेधडक बोलून चुकलात तर सगळ्यात जास्त. एका दिवसावरून अंदाज करणाऱ्याला पकडता येत नाही. पण त्याने ज्या ज्या दिवशी ७० म्हटलं ते सगळे दिवस एकत्र केले, की त्यांतल्या साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडलेला असायला हवा.

निकाल लागला. ती मुलगी ६१ टक्क्यांनी पास झाली. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितलं, ‘मला वाटलंच होतं, ती करून दाखवणार.’ मनापासून सांगितलं. तिला पेढा भरवताना माझे डोळे भरून आले होते. संध्याकाळी घरी येऊन वही उघडली. तिच्या नावापुढे, माझ्याच अक्षरात, २०.

ब्रायरच्या हिशेबाने ०.६४. आकड्याचं काही नाही. मला हादरवलं ते हे की ‘वाटलंच होतं’ म्हणताना मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच आठवत होतं की मला आशा होती. वही नसती तर ती आठवण हीच माझी हकिकत झाली असती, आणि मी ती अजून वीस वर्षं सांगत राहिले असते. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली हे उकलून दाखवलंय. १८१४ मधल्या इंग्रज-गुरखा लढाईची माहिती लोकांना वाचायला दिली. कुणाला सांगितलं इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे, कुणाला काहीच नाही. मग विचारलं, ही माहिती वाचून कोणता शेवट किती शक्य वाटतो? ज्याला जो शेवट सांगितला तो त्याला जास्त शक्य वाटला, आणि ‘शेवट माहीत नाही असं धरून सांगा’ म्हटलं तरी ते जमलं नाही. दुसऱ्या अभ्यासात निक्सन यांच्या चीन आणि रशियाच्या दौऱ्यांआधी लोकांकडून शक्यता लिहून घेतल्या, आणि दौरे झाल्यावर विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतंत? जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना आठवायला लागलं. ‘मी म्हटलंच होतं’ हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो! पाऊस, निवडणूक, लेकीचं लग्न, कापसाचा भाव.

आणि तिच्याबाबतीत ते २० फक्त वहीत राहिलं असेल का? फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मी तिला किती वेळा उभं करून प्रश्न विचारला? तिची वही किती वेळा मागून घेतली? ते मी कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यावर मी स्वतःच्या बाजूने काहीही बोलणार नाही.

विहिरीच्या निबंधाचं राहिलं. परीक्षा संपल्यावर त्या मुलाला बोलावलं आणि दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. एक गोल नसलेला, एक अकरा गोलांचा. काय झालं ते सगळं सांगितलं. तो बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मग मॅडम, खरे किती?”

मला सांगता आलं नाही. त्याची परवानगी घेऊन मूळ निबंधाची कोरी प्रत काढली, नाव झाकलं, आणि आमच्या विभागातल्या दुसऱ्या मॅडमना दिली. गुण सांगितले नाहीत, गोष्टही सांगितली नाही. फक्त म्हटलं, इतर पेपरांच्या गठ्ठ्यात कुठेतरी मिसळून तपासा. दोन दिवसांनी त्यांनी कागद परत आणला. वर साडेसहा. चार ‘पानी’ंना गोल होते, सात तसेच सुटले होते, आणि पेढ्यांच्या वाक्याखाली एक बारीक रेघ. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि पाठीमागे पेन्सिलने तारीख टाकली.

“लिहून ठेवा,” त्या म्हणाल्या. “गठ्ठ्यात हा माझ्याकडे दुसरा आला होता.”